पेवात उतरण्याआधी

हरिपुरात हळदीची पेवं होती तेव्हा
आमचे आण्णा त्यांत उतरायचे.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा
आणि वर उकिडवं बसून बघायचं.
ज्योत तगली तर माणूस उतरणार,
विझली तर पेव उघडं टाकून चहाला जायचं.
खालची हवा दिसत नाही, वास येत नाही,
माणूस गुडघ्यात मोडतो तेव्हाच कळते.

मी विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
टेबलफॅनसमोर बसून
दुसऱ्याच पेवात उतरते.
चौदा ग्रुप, खोट्या नावाने.
सकाळी सुप्रभात आणि गुलाब.
दुपारी विनोद. ते मी आधी मोजतच नव्हते,
मग कळलं, उतार तिथूनच लागतो:
आधी हसायला शिकवतात,
मग ज्याला हसलो
त्याला माणूस म्हणायची लाज वाटू लागते.
रात्री अकरानंतर जुना व्हिडिओ, गावाचं नाव नवं.
दीडनंतर याद्या.

मी रकाने भरते.
‘किडे’ हा शब्द मार्चमध्ये नऊ वेळा,
जूनमध्ये चारशे बारा.

विश्वतेज भेटला कुपवाडच्या एमआयडीसीत.
एकोणीस वर्षं, सीएनसीवर रात्रपाळी.
माझ्या वहीत त्याचं नाव ‘सतरा’.
भडंगातले शेंगदाणे त्याने आधी वेचून खाल्ले
आणि मग सांगितलं,
पेट्रोल आणून ठेवलं होतं, खाटेखाली.
‘जागा ठरलेली. वार ठरायचा होता.’
लग्नाचं सांगावं तसं.

मग?
मग फोन कूलंटच्या टाकीत पडला.

‘पहिल्या रात्री हात नुसता खाजत होता, ताई.
दुसऱ्या रात्री झोपलो.
तिसऱ्या दिवशी ताप भरला, गेलोच नाही कामावर.
ग्रुपात अकराशे चाळीस भाऊ. जीव देणारे.
एकानं विचारलं नाही.
शिफ्टचा दिलावर नदाफ तेवढा
सायकल मारत खोलीवर आला.
कुठं हायस रं, म्हणाला. जेवलास का?’

बराच वेळ तो भडंगाच्या कागदाची घडी घालत राहिला.
‘त्याचीच गल्ली होती.’

अहवालाचं शेवटचं प्रकरण: प्रतिबंधाचे उपाय.
काय लिहू?
फोन कूलंटमध्ये पाडावा?
दर पाळीला एक नदाफ नेमावा?
पुण्याहून सर म्हणाले,
एका मुलावरून सिद्धांत होत नाही.
बरोबर आहे. होत नाही.

आणि हे तर कुठल्याच प्रकरणात बसत नाही:
परवा मिरजेच्या बसमध्ये
कंडक्टरच्या छातीवरचं आडनाव वाचून
मी त्याने दिलेले सुट्टे दोनदा मोजले.
एवढंच. कुणाला कळलं नाही.
पण आत काहीतरी काजळी धरून
लवलवलं.

आण्णांची पेवं महापुरात बुजली.
ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी विचारलं होतं,
कंदील खाली असतानाच हवा फिरली तर?
ते म्हणाले, म्हणून वरच्याने गप्प बसायचं नसतं.
खालच्याला नावाने हाक मारत राहायची.
कामाचंच बोलावं असं नाही.
तंबाखू हाय का, पोरगी कितवीत गेली, काहीही.
उत्तराला उशीर झाला
की विचार न करता दोर ओढायचा.

विश्वतेजने नवा फोन घेतलाय, हप्त्यावर.
ग्रुप सोडलास?
‘सोडला नाय. आवाज बंद ठेवलाय.’
त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

रात्री दीडला, याद्यांच्या वेळेला,
मी त्याचा नंबर लावते.
सतराचा नाही, विश्वतेजचा.
पलीकडे मशीन, फक्त मशीन.
काय विचारायचं ते ठरवलेलं नसतं.
मी नाव घेते, पुन्हा घेते,
आणि मोजत बसते.

‘हां. बोला, ताई.’